कपाटातल्या चार बाटल्या

दातांच्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटात त्यांची सगळी अब्रू होती. स्कॉच, आयरिश, बर्बन, राय अशा चार जातींच्या व्हिस्कीच्या चार उंची बाटल्या. आतला माल कधीच संपला होता. कपाट ओकंबोकं दिसू नये म्हणून डॉक्टर चारही बाटल्यांत नरसाळ्याने एकच व्हिस्की भरत, दुकानातली सगळ्यात स्वस्त. पाहुणे लेबल वाचून खूश होत.

आज मात्र मुलाचे वडील येणार होते. लेकीची सोयरीक अर्धी जमली होती, आणि गृहस्थ म्हणे व्हिस्कीतले मोठे जाणकार. त्यांनी ओळखलं तर थापाड्याच्या घरची मुलगी कोण करणार?

"किल्ली हरवली म्हणा," बायको म्हणाली.

पण जाणकारांनी आल्या आल्या कपाटच गाठलं. डॉक्टरांनी ओतलेल्या पहिल्या पेल्यात त्यांनी नाक खुपसलं.

"वा, स्कॉच! धुराचा वास कसा येतोय बघा. धान्य धुरावर वाळवतात ना."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

"ही आयरिश. तीनदा गाळतात, म्हणून घशाला कळतसुद्धा नाही. आणि ही बर्बन. मक्याची गोडी, वर जळक्या पिंपाचा व्हॅनिला."

"आहे खरा व्हॅनिला," डॉक्टर म्हणाले. त्यांना त्याचा वास खरोखरच यायला लागला होता.

"राय मात्र तिखट हो. चौघींचे चार स्वभाव."

एवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून मूळ बाटली आणून पुढे ठेवली. "आता हिचाही स्वभाव सांगा, भाऊ."

जाणकारांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! हिला व्हिस्की कोण म्हणेल? असलं घरात ठेवता तरी कशाला?"

डॉक्टरांना मनापासून राग आला. इतकी वर्षं सुखदुःखाला हीच सोबत होती. तोंड उघडावं, चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण समोर लेकीचा सासरा बसला होता.

"ती होय? ती ड्रायव्हरसाठी," ते म्हणाले.

सोयरीक पक्की झाली. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "आपल्याकडे ड्रायव्हर कुठाय?"

डॉक्टरांनी ती स्वस्तातली बाटली उचलली. घरात खरं लेबल त्या एकाच बाटलीवर होतं आणि तिलाच त्यांनी परकं केलं होतं. त्यांना लाज वाटली. पण कपाटातल्या चारही बाटल्या बऱ्याच उतरल्या होत्या, तेव्हा त्यांनी नरसाळं मागितलं.