चेंबरचे पॅकिंग

एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपून नवे मध्यप्रदेश राज्य सुरू होणार होते आणि आमच्या बसचे परमिट त्याआधी नवे करून घ्यायचे होते. मोटर खात्याचे इन्स्पेक्टर सोमवारी गाडी तपासणार होते. पुढे कचेरी कुठल्या गावी जाईल, तिथे आपल्याला कोण ओळखेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. सोमवार चुकला तर आगरच्या रस्त्याचे परमिट भय्यासाहेबांना जाणार, एवढे मात्र आमच्या साऱ्या फ्रीगंज पेठेला ठाऊक होते. भय्यासाहेबांच्या तीन बसगाड्या होत्या. माझ्या भावाची, प्रभाकरदादाची, एकच.

ती ऑगस्टमध्ये आगरच्या वाटेवर घोसल्याजवळ बंद पडली. इंजिनच्या तळाशी तेलाचे भांडे बसवलेले असते, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्याचे बोल्ट ढिले होऊन तेल रस्त्यावर वाहून गेले आणि बेअरिंगे जळाली. अठरा बोल्ट एकाच वेळी आपोआप ढिले होत नाहीत, असे दादाचे म्हणणे. त्याआधी चेंबरला हात लागला होता तो विष्णू मिस्त्रीचा. आणि विष्णूला भय्यासाहेबांच्या ड्रायव्हरबरोबर स्टेशनसमोर चहा पिताना दादाने स्वतः पाहिले होते.

तरी काम विष्णूलाच द्यावे लागले. असे इंजिन पूर्ण उघडून परत जोडणारा गावातला एकच दुसरा मिस्त्री भय्यासाहेबांच्या नोकरीत होता.

"तू लक्ष ठेव," दादा मला म्हणाला. "तुला मोजमाप कळतं. मला तो कुछ का कुछ समजावून सांगेल."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. दिवाळीपूर्वीच्या परीक्षा संपल्या होत्या. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारे कॉर्कचे पॅकिंग दादाने बुधवारी इंदूरहून आणले, तेव्हा मी ते घरीच मोजले. लांब बाजू चोवीस इंच. पुडक्याच्या सुतळीने एका कोपऱ्याला बारीक चरा पडला होता, तोही वहीत लिहिला. गुरुवारी आमच्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्रावर चेंबरची कड गिरवून त्यावर अठरा भोके पाडली. पॅकिंग त्या कागदावर ठेवले. भोकावर भोक आले. मग ते तिथेच दाराशी खिळ्याला टांगले.

शनिवारी दुपारी विष्णू जेवायला गेला असताना मी ते पुन्हा मोजले. पाव इंच कमी भरले. कागदावर ठेवले तर शेवटची दोन भोके जुळेनात. मी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा दादासमोर मोजले.

"बदललं," दादा म्हणाला. "आपलं नवं भय्यासाहेबांच्या गाडीत, आणि आपल्याला दुसऱ्याच इंजिनचं. सोमवारी इन्स्पेक्टरसमोर तेल गळणार."

मी नाही म्हटले नाही. पट्टी खोटे सांगत नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही गॅरेज उघडले तर खिळा रिकामा. थोड्या वेळाने विष्णू भैरवगढहून सायकलवर आला. त्याचे घर छिप्यांचे, भाऊ कापड छापायचे. कॅरिअरवर ओल्या छापील फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

"पॅकिंग कुठाय?" दादाने विचारले.

"ये रहा, भाऊसाब. रातभर गीले में रखा था."

"आमचं विचारतोय मी. कल जे टांगलं होतं ते आमचं नव्हतं. जयूने नापलंय. पाव इंच कमी."

विष्णूने माझ्याकडे पाहिले, मग फडके उघडले. "कम तो होगा ही. तीन दिन धूप में टँगा था. कॉर्क है, लोहा थोड़े ही है. गीले में फिर फूल गया."

त्याने पॅकिंग माझ्या कागदावर पसरले. अठराही भोके जुळली. मी वाकून कोपरा पाहिला. चरा होता. काल तो पाहायचे मला सुचलेच नव्हते. पट्टी हाती होती, तेवढे मला पुरले.

"दादा, हे आपलंच आहे."

"मतलब काल दुसरं होतं आणि आज आपलं परत आणलं! चोरी पकडली गेली हे कळलं असेल त्याला."

"कालचंही हेच होतं. कॉर्क सुकून आखडलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तू गप्प बस, जयू. तुला तर कोणीही फिरवील."

विष्णूने पाना माझ्यापुढे ठेवला. "मैं अब हाथ नहीं लगाऊँगा. बाईसाब लगाएँगी. कल को गळ गया तो मेरा नाम मत लेना."

वाद घालायला वेळ नव्हता. मी पदर खोचला आणि गोणपाटावर पाठ टेकून बसखाली सरकले. दादाने चेंबर वर उचलण्यासाठी जॅकवर फळी ठेवली. विष्णू चाकाशी उकिडवा बसून सांगत होता. पॅकिंग सरकू नये म्हणून ते चारी कोपऱ्यांना भोकांतून दोऱ्याने चेंबरला बांधा. आधी सगळे बोल्ट नुसते हाताने आट्यांत बसवा. मग मधले, मग समोरासमोरचे, थोडे थोडे, कडेकडे जात. एक बोल्ट आडवा शिरला तेव्हा न पाहता, नुसत्या आवाजावरून तो म्हणाला, "निकालो. फिर से."

तिसऱ्या फेरीत तो म्हणाला, "बस."

माझ्या हाताला बोल्ट अजून फिरतील असे वाटत होते.

"अजून कस!" दादा वाकून ओरडला. "मागच्या वेळी ढिलेच होते. हाच तर तरीका आहे याचा."

"और कसोगे तो कॉर्क बाहर निकल जाएगा," विष्णू म्हणाला. "आपकी मर्जी."

गाडी बिघडवायची असती तर याहून सोपी संधी त्याला मिळाली नसती. मी आडवी होते, सोमवार उद्यावर होता. कॉर्कची कड सगळीकडून सारखी, केसभर बाहेर फुगली होती. म्हणजे दाब सगळीकडे सारखा होता; मला समजत होते ते एवढेच. दादाने पान्यासाठी हात पुढे केला. मी पाना पोटाशी धरून बाहेर आले.

"दे इकडे."

"नाही देणार."

तेल भरून इंजिन तासभर चालू ठेवले. खाली वर्तमानपत्र पसरले होते. ते कोरडे राहिले. "गरम होऊ दे, मग बघ," दादा म्हणाला. दुसरा तासही कोरडा गेला.

सोमवारी इन्स्पेक्टर बसखाली वाकले, चेंबरच्या कडेवरून बोट फिरवून ते पाहिले आणि कागदावर सही केली. परमिट झाले.

संध्याकाळी विष्णू त्याची हत्यारांची पेटी न्यायला आला. त्याने ती सायकलला बांधण्याआधी दादासमोर उघडली. "देख लो, भाऊसाब."

मला वाटले दादा हसून टाळील. तो खरोखर वाकला आणि एकेक पाना उचलून पाहू लागला.

"मिस्त्री," मी म्हणाले, "चूक माझी होती. मापावरून मी तुमच्यावर आळ घेतला."

"आप पढ़ी-लिखी हो, बाईसाब, मान गईं," तो म्हणाला. "इनको कौन मनाएगा? ऐसी गाड़ी को मैं अब हाथ नहीं लगाता. दूसरा मिस्त्री ढूँढ लेना."

दादाने शेवटचा पाना पेटीत टाकला आणि माझ्याकडे वळला. "आपला एखादा कमी तर नाही ना?"

"नाही," मी म्हणाले, विष्णूला ऐकू जाईल अशा आवाजात. तोवर तो सायकल घेऊन फाटकापाशी पोचला होता. त्याने मागे वळून पाहिले नाही.