गंधपुऱ्याचं तेल

आनंदराव कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या हृदयातली झडप बदलावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज आणि रक्ताची तपासणी दर महिन्याला. हे सगळं मुलगी माया बघायची. ती सावनेरच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दुखण्यावरची कुठलीही गोळी बाबांना द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं ते कसोशीनं पाळलं.

थंडीत बाबांचे गुडघे धरले, तेव्हा तिनं एका प्रदर्शनातून गंधपुऱ्याचं तेल आणलं. बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच छापलेलं. झाकण उघडताच वास ओळखीचा वाटला. बारावीच्या प्रयोगात मुलं सॅलिसिलिक आम्ल आणि मिथेनॉल तापवतात, तेव्हा हाच वास सुटतो. मिथाइल सॅलिसिलेट. पानातून काढा नाहीतर परीक्षानळीत बनवा, रेणू एकच, हे ती वर्गात दरवर्षी सांगे. तिला गंमत वाटली, इतकंच. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्या तेलानं बाबांचे गुडघे चोळू लागली.

“लय बरं वाटून राहिलं वं,” ते म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दंडावर निळा डाग दिसला. मग दात घासताना रक्त. ब्रश कडक असेल म्हणून मायानं नवा आणला. तपासणी चारच दिवसांवर होती, तेव्हा विचारू म्हणाली.

त्याआधीच्या रविवारी सकाळी चहाचा कप बाबांच्या हातून सुटला. बोलायला गेले तर जीभ वळेना. नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा, तो नऊवर गेला होता.

“दुखण्याची गोळी दिली होती का?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकही नाही.”

“मग हा वास कशाचा येतोय?”

मायानं सांगितलं. “हे तेल म्हणजे अ‍ॅस्पिरिनचंच भावंड,” डॉक्टर म्हणाले. “चमचाभर तेलात वीसेक गोळ्यांचा ऐवज असतो. कातडीतून रक्तात उतरतं आणि त्यांच्या गोळीचा जोर वाढवतं.”

तिला पुढचं ऐकायची गरज नव्हती. चौथ्या दिवशी आनंदराव गेले.

“रोशनले काही सांगू नको,” आई, सिंधूताई, मायाच्या पुण्यातल्या भावाबद्दल म्हणाली. “लोकाईलेही नको.”

पण पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या सभेत बाबांबद्दल दोन शब्द बोलायला उभी राहिली तेव्हा मायानं सगळं सांगून टाकलं. तेलाचं नाव, त्यातलं रसायन, आपले हात. नंतर बाबांच्या खात्यातले जुने सोबती कवडूकाका जवळ आले. खिशातली गोळ्यांची पट्टी पुढे करत म्हणाले, “मीबी हेच तेल लावून राहिलो. पाहून दे बरं.”

तिनं नाव वाचलं. बाबांचीच गोळी होती. “आजपासून तेल बंद करा काका. उद्याच रक्त तपासा.”

रोशन दारापाशी चपला घालत होता. तिनं हाक मारली, त्यानं वर पाहिलं नाही. तो त्याच दिवशी पुण्याला परत गेला. आता त्याचा फोन आईच्या मोबाइलवर येतो. आई तो घेऊन गच्चीवर जाते आणि खाली आल्यावर काय बोलणं झालं ते मायाला सांगत नाही.