तरसाचं हसू

प्रतिभानं माइक आईच्या तोंडाजवळ धरला आणि अंबूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आई, पदर काढ. मला पदराचा आवाज नकोय, तुझा हवाय."

"अगं पण उगंच कसं हसू? कायतरी झालं तर हसंल ना माणूस!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक तरसमाणूस उभा होता. मानेवर आयाळ, हात लांब, पाय आखूड, अंगात शेतकऱ्याची कोपरी. प्रतिभानं महिनाभर खपून तो काढला होता. कळ दाबली की तो मान वर करायचा, जबडा उघडायचा, आणि जबड्यातून आवाज काही बाहेर यायचा नाही. उद्या कॉलेजात तिनं बनवलेला हा गेम परीक्षकांपुढे चालवायचा होता. वर्गातली मुलं खेळायची त्या विलायती गेममध्येही असे तरसतोंडे राक्षस असत. गळ्यात हाडांच्या माळा, हातात काटेरी गदा, आणि येईल त्यानं त्यांना कापून पुढं जावं. प्रतिभाचा तरसमाणूस मात्र आईच्या माहेरचा होता, सिन्नरकडच्या डोंगरातला.

"तूच सांगायचीस ना, तो भीती दाखवायला हसत नाही म्हणून?"

"मंग! त्याला माणसावानी हाक मारता येत नाय, म्हणून हसतो बिचारा. लोक पळून जात्यात, आन तो येकलाच ऱ्हातो."

"मग हस ना त्याच्यासाठी."

अंबूबाई हसल्या, पण नेहमीसारख्याच. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज सगळा पदरात जिरला. चोवीस वर्षं ही बाई अशीच हसत आली होती. लग्नाच्या पंगतीत, कपाळाला मुंडावळ्या असताना, ती एकदाच मोठ्यानं खदाखदा हसली होती. सासूबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "सून आणली का तरस आणलं?" सगळी पंगत हसली. नवरदेव मोतीराम खाली ताटात बघत राहिले. सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, तरी पदर काही तोंडावरून हटला नव्हता.

मोतीराम आताही तसेच मान खाली घालून दारात बसले होते, झेंडूच्या माळा ओवत.

"लग्नात तेव्हा एवढं कशाला हसली होतीस गं?" प्रतिभानं विचारलं.

"आता कुठं आठवतंय," अंबूबाई म्हणाल्या, आणि दाराकडं त्यांनी अजिबात पाहिलं नाही.

पाच वाजता वीज जायची होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी यांच्या ओट्यावरून दिसायची, आणि मळ्यातली वीज मात्र रोज ठरल्या वेळी जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. साडेचार वाजून गेले होते. प्रतिभानं आईला गुदगुल्या केल्या. शेजारचा गोटीराम चिखलात सायकलवरून कसा पडतो त्याची नक्कल करून दाखवली. दरवेळी पदरच जिंकला. शेवटी तिनं माइक टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंग बंद करायचं मात्र ती विसरली.

"जाऊ दे. मुकाच राहू दे त्याला."

मार्कांचं तिला तेवढं काही नव्हतं. आपल्या आईच्या हसण्याचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता, आणि तो तिला ऐकायचा होता.

मोतीरामांनी सुई माळेत खोवली. हात झटकून ते आत आले आणि खाटेवर बायकोच्या शेजारी बसले. पोरीदेखत ते असे कधी बसत नसत. त्यांनी अंबूबाईंच्या हातातलं पदराचं टोक हळूच काढून घेतलं.

"तुज्या मामाच्या मिशीत," ते म्हणाले, "अजून बुंदी हाय."

अंबूबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

"दोन दाणे हायेत. येक पडंल बघ आता मठ्ठ्यात."

आधी घशात नुसतीच घरघर झाली. मग ते हसू वर चढलं, फुटलं, पुन्हा खाली आलं आणि दुप्पट जोरानं उसळलं. गोठ्यातली म्हैस धडपडत उठून उभी राहिली. अंबूबाईंचा हात सवयीनं तोंडाकडं गेला, पण पदर मोतीरामांच्या मुठीत होता.

"तवाच सांगाया पायजे व्हतं आईला," मोतीराम म्हणाले, "मीच हसवली म्हणून. लय चुकलं माझं."

अंबूबाईंनी डोळे पुसत मान हलवली आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं. मग मोतीरामही हसायला लागले, खोकल्यासारखं, अडखळत.

प्रतिभाचं लक्ष पडद्याकडं गेलं. आवाज सगळा टिपला गेला होता. तिनं मधलं बोलणं कापून नुसतं हसू घाईनं तरसमाणसाला जोडलं आणि पाचला दहा कमी असताना कळ दाबली. तरसमाणसानं मान वर केली, जबडा उघडला आणि तो हसला, घर भरून हसला. पण त्याच्या पाठोपाठ, त्याच जबड्यातून, दुसरं एक घोगरं हसू बाहेर आलं.

"बाबा, तुमचंही आलं त्यात! एकाच तोंडातून दोन आवाज. परीक्षक काय म्हणतील? पुन्हा घ्यावं लागणार."

"काय नाय घ्यावं लागत," अंबूबाई म्हणाल्या. पदर अजून मोतीरामांच्याच हातात होता. "त्याच्या शेजारी आणखी येक काढ."