डावा हात आधी

दोन बायकांमध्ये विष तुम्ही कालवलंत, साहेब, आणि वर भिंतीला हसऱ्या चेहऱ्यांच्या पताका लावल्यात! इस्त्रीवालीने हे मनात केव्हाच म्हणून टाकलं होतं. तोंडातून निघायला मात्र जावेचा हात भाजावा लागला.

झालं असं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांनी बाहेरून एक बाई बोलावल्या, एकोपा शिकवायला. सारख्या दात दाखवायच्या, म्हणून बायकांनी त्यांचं नाव ‘दंतमंजन’ पाडलं. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि टाळ्या वाजवल्या.

“आजपासून आपण एक कुटुंब!”

“म्हणजे भांडणं ठरलेलीच,” इस्त्रीवाली पुटपुटली. शेजारी तिची जाऊच उभी होती, घड्या घालणारी धाकटी. ती खुदकन हसली.

मग हुकूम निघाला. प्रत्येकीने आपलं काम शेजारणीला शिकवायचं. त्याने आपुलकी वाढते म्हणे!

इस्त्रीवालीला तिथेच पाणी मुरताना दिसलं. ज्या साहेबाला साधा पंखा दुरुस्त करवेना, त्याला आपुलकीचा उमाळा कुठून फुटला? घड्या घालायचं यंत्र येणार, असं टेम्पोवाला बोललाच होता. यंत्र आलं की धाकटी रिकामी. आणि तोवर ती आपला इस्त्रीचा रोलरही शिकलेली असेल. वयाने लहान, पगाराने कमी.

“तुला सगळं वाकडंच दिसतं,” नवरा म्हणाला. “घरचीच आहे ना ती?”

“म्हणून तर. परकीशी निदान भांडता येतं.”

तिने धाकटीला शिकवलं. चादर झटकायची कशी, काठ धरायचा कुठे, तापलेल्या रोलरला लावायचा कसा. एक मात्र गिळलं. रोलरचा डावीकडचा पट्टा झिजलेला, तिकडून चादर आधी ओढली जाते. म्हणून डावा हात आधी सोडायचा.

“अजून काही, ताई?”

“एवढंच गं.”

दुसऱ्या दिवशी धाकटी किंचाळली. डाव्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती. इस्त्रीवालीने तिला नळाखाली नेलं. धाकटी रडत नव्हती, नुसती बघत होती.

“तुमचा डावा हात आधी सुटतो. आत्ता आठवलं मला. का नाही सांगितलंत?”

इस्त्रीवाली म्हणाली, “तुला माझ्या जागी उभं करतील म्हणून.”

“विचारलंय साहेबांनी. एकटी सांभाळशील का, म्हणाले.”

“कधी?”

“परवा.”

“मग? काय म्हणालीस?”

धाकटीने नळ बंद केला.

एका घरात राहणाऱ्या, एका डब्यात जेवणाऱ्या बायका! इस्त्रीवालीला स्वतःची लाज वाटली, आणि शंका तरीही जाईना. तिने धाकटीचा धड हात धरला आणि दार न ठोकता साहेबांच्या खोलीत शिरली. दंतमंजन तिथेच होत्या. साहेब म्हणाले, “अरेरे, मलम लावा. बसा, शांतपणे बोलू.”

“बसायला नाही आले. हात मी भाजलाय हिचा. माझी चूक, ती मी घरी निस्तरेन. पण रोलर एक आणि शिकवलेल्या दोघी, हा हिशेब तुमचा. हिला ‘एकटी सांभाळशील का’ म्हणालात, मला आपुलकी ऐकवलीत. आता दोघी समोर आहोत. आमच्यातली कोण जाणार? दात नका दाखवू, बाई. साहेब, तुम्ही बोला.”