कॉलरखालची ओळ

नानांनी वाटीतला हरभरा उचलला, दोन बोटांत फिरवला, आणि कापडात ठेवायचा तो तोंडात टाकला. मग नुसतंच कापड चिमटीत धरून त्यावर दोऱ्याचे वेढे घेतले, करकचून गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. लगेच पुढचा हरभरा उचलला.

कमलने सासऱ्यांचं ते काम पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या मांडीवर दुसरा शर्ट होता. प्रत्येक गाठीत एक हरभरा आणि प्रत्येक गाठीला महादेवाचं एक नाव, असं तिनं सकाळीच ठरवून घेतलं होतं. नाव घेताना मधे बोलायचं नाही, हा तिचा जुना नियम.

"आई, नाना हरभरे खाताहेत," ज्योत्स्ना म्हणाली. "रिकाम्याच गाठी मारताहेत बघ."

कमलने डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

"मी काय करी ऱ्हायनू ते माले समजस, बाई," नाना म्हणाले. दाढेखाली हरभरा कटकट वाजला. सत्तरीतही दात शाबूत होते, त्याचा त्यांना अभिमान होता.

नावाची माळ संपल्यावर कमलला बोलता आलं असतं. तिनं पुढची गाठ घेतली. नाना पाठीच्या बाजूनं, कॉलरच्या खाली, एकामागून एक अशी सरळ ओळ धरून गाठी मारत होते. पट्टी लावून आखावी तशी. तिनं खडूनं काढून दिलेल्या फुलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वरणगावच्या फॅक्टरीत त्यांनी जन्मभर खोकी बांधली होती. हातांना ओळीची सवय होती. एक शर्ट झाला की तो बाजूला ठेवून ते आपणहून पुढचा ओढून घेत. मुलाचा, लीलाधरचा झाला, ज्योत्स्नाचा झाला, धाकट्या छबीचा झाला. कमलच्या विटलेल्या सुती साडीचा पदर रंगवायला काढला होता, त्यावरही ओळ झाली. नानांचा शर्ट तेवढा त्यांच्या हाती आला नाही. तो कमलने आदल्या दिवशीच, मन लावून, गळ्यापासून खालपर्यंत स्वतः बांधून ठेवला होता.

बांधणीची ही रीत शेजारच्या पुष्पाबाईंनी दाखवली होती. त्यांचं माहेर नवापूरकडचं, तिकडे गुजरातची हवा. "आत बारीक खडा धरायचा, म्हणजे गोल उठतो. रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी रंगात." खडे लहानमोठे निघत होते. लीलाधर डाळमिलमध्ये कामाला, त्यामुळे घरात हरभरा होताच, आणि दाणे कसे एकसारखे. कमलने पहिला दाणा कापडात ठेवण्याआधी हात जोडले होते. रंगात गेलेलं अन्न आता कुणाच्या पोटात जाणार नव्हतं. अन्नपूर्णेची तिनं माफी मागितली होती.

हे सगळं कशासाठी, ते नानांना कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीत ओंकारेश्वरला जायचंय, पोरी हरवू नयेत म्हणून सगळ्यांना सारखे कपडे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

खरी गोष्ट चैत्रातली होती. नाना भाजी आणायला म्हणून निघाले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. लीलाधरला ते रेल्वे फाटकापाशी सापडले. फाटक उघडं होतं, सायकली, बैलगाड्या, रिक्षा सगळं पलीकडे जात होतं. नाना मात्र फाटक उघडायची वाट पाहावी तसे पिशवी घेऊन उभे होते.

"ओंकारेश्वरला पायऱ्या आहेत, घाट आहे, पाणी आहे," त्यानंतर लीलाधर म्हणाला होता. "मी पोरींचा हात धरू का नानांचा? चार दिवस अक्काकडे राहतील ते. वरणगाव त्यांच्या ओळखीचं आहे."

"सगळे एकसारखे कपडे घालू," कमल म्हणाली होती. "नाना लांबूनही दिसतील."

"सर्कस निघाली वाटतं आपली."

"नर्मदा बघितली नाहीये त्यांनी."

लीलाधरने पायातले बूट काढून भिंतीशी नीट ठेवले. "कर तुझे शर्ट. बरे झाले तर नेऊ," तो म्हणाला. बरे होणार नाहीत, अशी खात्री असल्यासारखं.

कमलने जास्त वाद घातला नाही. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून तिच्या पूजेची फुलं नाना आणत. सकाळी अंघोळ करून कुंपणावरची जास्वंद, कधी मिलच्या वाटेवरची कण्हेर. वर्षभरापासून ते कधीकधी नुसताच पाला आणत, कडुनिंबाचा, बोरीचा, कशाचाही. ती तो धुवून देवापुढे ठेवी. देवानं कधी नको म्हटलं नव्हतं.

रंगही तिनं विचार करून आणला होता. दुकानदार भगव्याची पुडी पुढे करत होता. तीर्थाला भगवं घातलेली माणसं काय कमी असतात? तिनं पोपटी मागितला.

शर्ट रात्रभर बादलीत राहिले. सकाळी तिनं पातेल्यात रंग उकळला, मीठ घातलं, आणि गाठींची बोचकी एकेक करून आत सोडली. काठीनं ढवळता ढवळता वर काहीतरी तरंगू लागलं. एक दाणा, मग चार, मग पातेलंभर. रात्रीतून हरभरा फुगून दुप्पट झाला होता आणि दोऱ्यांना न जुमानता गाठी सोडून बाहेर आला होता.

लीलाधर दात घासत मागच्या दारी आला. पातेल्यात डोकावला.

"आज हिरवी उसळ का?"

कमल ढवळत राहिली. आता थांबूनही उपयोग नव्हता.

दोरीवर शर्ट वाळत पडले तेव्हा तिनं लांबूनच बघून घेतलं. ना फूल, ना गोल. नुसता पोपटी रंग, कुठे गडद, कुठे फिका, भिंतीला ओल यावी तसा. दुपारी ती आत तांदूळ निवडत बसली. निवडलेले पुन्हा निवडले.

"आई," बाहेरून ज्योत्स्नाची हाक आली. "उलटीकडून बघ ना."

पाठीवर, कॉलरच्या खाली, पांढऱ्या गोलांची एक ओळ होती. बारीक, नेमकी, एकही गोल फाटलेला नाही. लीलाधरच्या शर्टावर होती, दोन्ही पोरींच्या शर्टांवर होती, साडीच्या पदरावर होती. ज्या गाठींमध्ये फुगायला काही नव्हतं, तेवढ्याच टिकल्या होत्या.

"नाना हरभरे खात होते ते बरं झालं," छबी म्हणाली.

कमल हसली, आणि हसता हसता तिचा हात दोरीवरच्या शेवटच्या शर्टाकडे गेला. तिनं तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नानांचा शर्ट दोन्ही बाजूंनी कोरा होता. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनाच काही खूण नाही. आणि तिनं तर त्याच शर्टावर सगळ्यात जास्त नावं घेतली होती.

संध्याकाळी लीलाधर घरी आला तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. पोपटी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, शेजारी कापडी पिशवी, पिशवीत धोतर आणि तांब्या.

"गाडी कितला वाजानी शे?" त्यांनी विचारलं.

गाडीला अजून चार दिवस होते. लीलाधर दारातच थांबला. बापाकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं.

"सांगतो, नाना," तो म्हणाला, आणि आत येऊन कमलकडे न बघता हातपाय धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टेशनवरून सगळ्यांची तिकिटं आणली. नानांचंही.

खांडव्याला गाडी बदलून, छोट्या रुळांच्या गाडीनं आणि मग बसनं ते ओंकारेश्वरला पोहोचले. सोमवार होता. कमलच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. दर्शन झाल्यावर घ्यायचं, असं तिचं ठरलेलं. पुलाकडे जाणारी वाट माणसांनी भरली होती. पुढे लीलाधर आणि त्याचा हात धरून छबी, त्यांच्या मागे नाना, मागे ज्योत्स्ना आणि कमल. असंच चालायचं, नानांना मधे ठेवायचं, असं बसमधून उतरतानाच ठरलं होतं.

"ते बघ, पोपट आले," वाटेवरचं कुणीतरी हिंदीत म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

लीलाधरने चालता चालता पिशवीतून टॉवेल काढला आणि खांद्यांवरून पाठीवर पसरला.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

कमल बेल घेण्यासाठी एका टोपलीशी वाकली, ज्योत्स्नाही तिच्याजवळ थांबली. तीन पानांची न फाटलेली डहाळी निवडायला कितीसा वेळ लागतो? ती ताठ झाली तेव्हा पुढे लीलाधर दिसत होता, छबी दिसत होती. मधे नाना नव्हते.

ती मनात नाव घेत होती. ते तिथंच तुटलं.

"नाना!" ती ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच माहीत नव्हतं.

लीलाधर वळला. क्षणभर त्यानं तिच्याकडे जे पाहिलं, त्यात 'म्हटलं होतं ना' असं काही नव्हतं. ते असतं तर बरं वाटलं असतं. तो नुसता पांढरा पडला होता. तो घाटाच्या पायऱ्या धावत उतरला, पाण्यापर्यंत जाऊन आला. पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलिसाला त्यानं हरा शर्ट, बूढ़े आदमी, असं सांगितलं.

"शर्ट पे कुछ निशानी?" पोलिसानं विचारलं.

लीलाधरने कमलकडे पाहिलं.

"नहीं," कमल म्हणाली. "सादा है." हातातल्या बेलाची पानं चुरगळून तळव्याला चिकटली होती.

ते पुन्हा बस थांबली होती त्या बाजूला वळले. छबी रडायला लागली होती, म्हणून ज्योत्स्ना तिला पुढे घेऊन चालली होती. नारळ-प्रसादाच्या दुकानांची रांग संपत आली तेव्हा एक आवाज ऐकू आला. एक दुकानदार फळकुटावर उभा राहून गर्दीवर ओरडत होता.

"हरे कपड़ेवाले! पीठ पे सफ़ेद टिपकेवाले! किसी ने देखे क्या?"

मग त्याची नजर खाली गेली. "अरे बिटिया, घूम ज़रा. बाबा, ये वाली है क्या?"

दुकानाच्या आडोशाला, उलट्या ठेवलेल्या पेटीवर नाना बसले होते. हातात चहाची बशी, मांडीवर पिशवी. त्यांनी बशी खाली ठेवली, छबीला पाठमोरी उभी केली, आणि कॉलरखालच्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं.

"हाई मनी शे," ते म्हणाले. "आखो शेतस. बठ्ठा मिळनात का?" बाकीचेही सगळे सापडले का, असं ते दुकानदाराला विचारत होते.

"नाम पूछा तो बोले नहीं, गाँव पूछा तो बोले नहीं," दुकानदार लीलाधरला सांगत होता. "बस एक ही बात. मेरे लोग खो गए हैं, उनकी पीठ पे मेरी बाँधी हुई गाँठें हैं. बहुत फ़िकर में थे आप लोगों की."

कमल तिथंच नारळांच्या पोत्याला टेकून बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. तिनं हसू आणि पाणी दोन्ही पदरानं पुसलं.

नानांनी तिला पाहिलं आणि पिशवीत हात घालून काहीतरी पुढे केलं. वाटेतल्या कुठल्याशा झुडपाची, पाच-सहा पानं असलेली काडी होती.

"तुना पूजाले," ते म्हणाले.

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.

मग नाना मुलाकडे वळले. आवाजात रागावणं होतं, लहानपणी लीलाधर शाळेतून उशिरा आला की असायचं तसं.

"तू कोठे गयथा रे? मी तुनी पाठ दखी दखी चाली ऱ्हायंतू. मंग पाठच नही. पुढे नुसता टावेल."

लीलाधरने खांद्यावरचा टॉवेल ओढून काढला, त्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग टॉवेलची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवून दिला. दुकानदाराला नमस्कार केला.

"चला, नाना," तो म्हणाला. त्यानं त्यांचा हात धरला नाही. तो त्यांच्या पुढे झाला.

पुलावर वारा होता. खाली नर्मदा हिरवी, रुंद, होड्या तिच्यावर थांबल्यासारख्या वाटत होत्या. कमल सगळ्यात मागे होती. तिनं पदर डोक्यावरून घेऊन पाठीवर नीट सोडला, पाल्याची काडी छातीशी धरली, आणि तुटलेलं नाव पहिल्यापासून सुरू केलं.

पुढे नाना पिशवीत काहीतरी चाचपत होते. हात तोंडाकडे गेला. कटकट आवाज झाला.

पुलाच्या मध्यावर लीलाधर थांबला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. तो आवाज अगदी पाठीशी आला तेव्हा तो पुन्हा चालू लागला, हळूहळू, पाठ ताठ ठेवून.