शेजारच्या रोपाचं पान

कागद.

बुरुल एजेच्या, म्हणजे बुरुलताईच्या, कपाटातल्या त्या एका कागदाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. चात्काल डोंगराच्या उतारावरचा ट्यूलिप, दाबून वाळवलेला. एक फूल, दोन पानं. जन्मभर डोंगर तुडवून तिने नाव दिलेली एकुलती एक जात. ती जात खरी कशी दिसते हे ज्याला पाहायचं असेल, त्याला बिश्केकच्या वनस्पती-संग्रहालयातल्या या कपाटापर्यंत यावं लागे.

कुपी.

अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत. तिथला प्रमुख तिलेक, तिचाच जुना विद्यार्थी. त्याच्या डीएनए बँकेत फ्रीजरभर कुप्या, आणि त्यातल्या एकीवर तिच्या ट्यूलिपचा नंबर. कागद आणि कुप्या यांची माहिती जोडून जगाला खुली करायची, असं वरून ठरलं होतं. बुरुल आपल्या कागदांचे नंबर देत नव्हती. तिच्या मते त्याच्या कुप्या म्हणजे चेहरा नसलेला लगदा. त्याच्या मते तिची कपाटं म्हणजे गवताची गंजी. दोघंही हे समोरच्याच्या कानावर जाईल अशा बेताने बोलत.

आज तो स्वतःहून आला. चहा नको म्हणाला, नानचा तुकडाही तोंडात घातला नाही, तेव्हाच ती काय ते समजली.

"एजे, तुमचा ट्यूलिप साधा निघाला. कुपीतलं सगळं त्या नेहमीच्या पिवळ्याशी जुळतंय. माहिती जोडली की तुमची जात गेली."

आणि शेजारचं रोप, ज्याची कुठे नोंदच नाही.

मोहिमेवर बुरुलचा दंडक होता: कागदावर जाणाऱ्या देखण्या रोपाला ओरखडाही येता कामा नये. डीएनएसाठी पान हवं, तर शेजारच्या रोपाचं तोडायचं. नंबर दोघांना एकच. त्या उतारावर शेजारच्या रोपाला अजून फूल आलं नव्हतं, आणि नुसत्या पानांवरून कुणी खात्री केली नाही.

"पान कुठून तोडलं होतंस?" तिने विचारलं.

"तुम्ही शिकवलंत तिथून. शेजारून."

"मग ते माझं रोप नाही."

"तसं जाहीर सांगा ना. लोक विचारतील, बाकीच्या कुप्यांचं काय? मोहिमा सगळ्या तुमच्या हाताखालच्या."

"आणि फ्रीजर तुझा."

तिलेक हसला आणि खुर्ची ओढून बसला. मग हळू आवाजात त्याने सौदा मांडला. ती एक कुपी तो गुपचूप काढून टाकेल, तिने बाकीचे नंबर द्यावेत, शेजारच्या रोपांबद्दल दोघांनीही तोंड उघडायचं नाही. तिचं फूल वाचेल, त्याची बँक वाचेल.

"म्हातारपणी आणखी काय हवंय, एजे?"

हो म्हणावंसं तिला वाटलं. चांगलंच वाटलं. पण यापुढे प्रत्येक बैठकीत हा माणूस असाच हसत समोर बसेल, आणि तिला मान खाली घालावी लागेल.

कात्री.

तिने कपाट उघडलं, कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत एका पानाचं टोक कापलं. तिलेकने हात पुढे केला. तिने तुकडा पाकिटात घातला आणि वर अल्माटीच्या डीएनए बँकेचा पत्ता लिहिला, जिच्याशी तिलेकचा उभा दावा होता.

मग ती संगणकापुढे बसली. मोहिमांचे नंबर एकेक करून खुले करत गेली, आणि प्रत्येकाखाली लिहीत गेली: पान शेजारच्या रोपाचं, कागदावरच्या नव्हे. सूचना माझी.

"तुम्ही आपल्या दोघांनाही बुडवताय," तिलेक म्हणाला. त्याचं हसू मावळलं होतं.

"बुडवतेय. तुझ्या उपकाराखाली राहण्यापेक्षा बरं."

"आणि अल्माटीतही पिवळाच निघाला तर?"

"तर ते तुला जगाबरोबरच कळेल," बुरुल म्हणाली आणि तिने पुढचा नंबर उघडला.