खोडलेले आकडे

बोर्गहिल्डच्या पेन्सिलीचं रबर शिशाच्या आधी संपायचं. एका हिवाळ्यात मी तिच्या टेबलावरच्या पाच पेन्सिली मोजून पाहिल्या. प्रत्येक अजून चौदा सेंटिमीटरच्या आसपास लांब होती आणि प्रत्येकीचं रबर पत्र्याच्या कडेपर्यंत झिजलेलं होतं. बाई नीटनेटकी आहे, एवढीच मी नोंद घेतली.

आमच्या केंद्रात कॉड माशांचं वय काढतात. माशाच्या कानात एक छोटा खडा असतो. तो कापून घासला की सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. पण अन्न कमी पडलेल्या वर्षी एखादं खोटं वर्तुळही उमटतं आणि ते ओळखणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून प्रत्येक खडा दोघं जण वेगवेगळा वाचतात आणि मग समोरासमोर बसून आकडे जुळवतात; एकदा लिहिलेला आकडा मात्र बदलायचा नसतो. आमचा मेळ शंभरात सत्याण्णव होता. आमचा प्रमुख टोरमोड हा आकडा पाहुण्यांना कॉफी विचारण्याआधी सांगायचा.

बोर्गहिल्ड एकोणिसाव्या वर्षी बंदरावर मासे साफ करायला लागली. पुढे आमच्याकडे खडे घासायला आली आणि बघत बघत वाचायला शिकली. वाचनाला सव्वीस वर्षं झाली, पदवी नाही. वाचन विभागाच्या प्रमुखाची जागा याआधी दोनदा रिकामी झाली होती. दोन्ही वेळा मी तिला विचारलं आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला, सिग्ने? मी खडे घासणारी."

या मार्चमध्ये जागा तिसऱ्यांदा रिकामी होती. अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. बोर्गहिल्ड अठ्ठावन्न वर्षांची होती. चौथी संधी येणार नव्हती.

त्याच आठवड्यात एकतीस खडे आले. हे मासे एक वर्षाचे असताना खूण लावून समुद्रात सोडलेले होते, त्यामुळे त्यांची वयं पक्की माहीत होती. ती बंद पाकिटात माझ्याकडे होती. मंगळवारी बोर्गहिल्ड आणि तिच्या जोडीचा वाचक यारले जुळवायला बसले. नेहमीप्रमाणे यारले आधी बोलला.

"अकरा."

बोर्गहिल्डचा हात कागदावरून फिरला. "माझेही अकरा."

एकतीसच्या एकतीस जुळले. मी पाकीट उघडलं. बरोबर निघाले फक्त एकोणीस.

"दोघंही चुकलो, म्हणजे खडेच भिकार आहेत," यारले म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

मी बोर्गहिल्डचा कागद खिडकीशी नेला. आमच्याकडे मार्चचा उजेड आडवा पडतो. अकरा ठिकाणी पेन्सिलीचे जुने वळ दिसले. ते मी दोनदा उतरवून घेतले, मग पाकिटातल्या वयांशी ताडून पाहिले. तिचे मूळचे एकोणतीस आकडे बरोबर होते. इतकं अचूक वाचन मी कुठल्याच केंद्रात पाहिलं नव्हतं. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"यारले डॉक्टरेट झालेला आहे," ती म्हणाली. "तो नऊऐवजी उगाच अकरा म्हणेल का?"

"म्हणाला ना."

ती हसली. "आम्ही सहा भावंडं. जेवताना कुणी 'मला माहितीय' म्हटलं की आई म्हणायची, बघा, पाद्रीबुवा आले जेवायला. सगळे हसायचे." मग तिचं हसू गेलं. "म्हणजे ते सत्याण्णव..."

"हो."

"सगळी वर्षं?"

"तुलाच ठाऊक."

तिनं कागदाची घडी केली. "कुणाला सांगू नकोस."

"शुक्रवारपर्यंत नाही सांगणार. पुढे गप्प राहता येणार नाही मला."

शुक्रवारी साडेअकराला आमच्याकडे वॉफल असतात. खरं तर ते पाळीनं भाजायचे, पण बोर्गहिल्ड कायम साच्यापाशीच उभी असायची. तिथे उभं असलं की टेबलाशी बसावं लागत नाही. त्या दिवशी तिनं पळी यारलेच्या हातात दिली.

"आज तू भाज."

"मी? जाळून ठेवीन."

"जाळ."

"काय गं, संप की काय?" टोरमोडनं विचारलं. "उपाशी मारतेस आम्हाला."

बोर्गहिल्ड टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. हातात घडी पडलेला कागद होता.

"ते सत्याण्णव खोटे आहेत. यारलेचा आकडा ऐकायचा आणि माझा खोडायचा, हे मी दरवेळी करत आले. त्याच्या आधीच्यांबरोबरही. नियम मी मोडला."

साच्यातून जळका वास यायला लागला. यारलेचं लक्ष नव्हतं.

"या खेपेला एकतीसपैकी माझे एकोणतीस बरोबर होते," ती म्हणाली. चूक कबूल करताना तिचा आवाज स्थिर होता. या वाक्याला तो कापला. तरी तिनं ते पूर्ण केलं. तिच्या जागी मी असते तर पहिल्या वाक्यानंतरच खाली बसले असते.

"अकरा खोडलेस?" यारलेनं हळूच विचारलं. "त्यातले माझे किती बरोबर?"

"एकही नाही रे."

टोरमोडनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तळघरात सव्वीस वर्षांचे खडे पडलेत, बोर्गहिल्ड. ते पुन्हा वाचणार कोण?"

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. तिनं माझ्यापुढे हात केला. मी माझं पेन दिलं.

"मी वाचेन," ती म्हणाली. "शाईनं. आणि टोरमोड, प्रमुखाच्या जागेसाठी मी अर्ज करतेय."